मोटर चालू अवस्थेत आढळून आली

नवनाथने चार दिवसांत एकही विनोद केलेला नाही.

हे वाचून कोणी हसेल. मुलगा दारू पीत नाही, कोणाशी भांडत नाही, स्वतःच्या पायावर उभा आहे, मग आईला आणखी काय हवं? पण एकतीस वर्षं मी या मुलाला बघते आहे. टायफॉईडने अंथरुणाला खिळला होता तेव्हाही डॉक्टरांना म्हणाला होता, "लिहा साहेब, रुग्ण खाटेवर, जिवंत स्थितीत, मिळून आला." असा मुलगा चार दिवस जेवढ्यास तेवढं बोलतो आहे. आज सकाळी तर पिशवीत दोन कपडे भरून घोडेगावला गेला. "टपरीवरच झोपतो, उद्या तिथूनच जाईन," म्हणाला. संध्याकाळी मी केलेल्या फोनवर एवढंच बोलला, "जेवलो."

उद्या रविवार. सकाळी अकरा वाजता आळेफाट्याच्या एका हॉलमध्ये त्याला स्टेजवर बोलावून शाल घालणार आहेत. मग हातात माईक देणार आहेत. त्याने पाच शब्द बोलायचे आहेत : 'हो, हे सगळं असंच घडलं.' ते बोलला तर एका म्हाताऱ्याचं नाव कायमचं बुडेल. नाही बोलला तर माझ्या मुलाचं.

तो करतो काय, ते आधी सांगते.

घोडेगावला कचेरीसमोर त्याची पत्र्याची टपरी आहे. झेरॉक्स, टायपिंग, अर्ज. कचेऱ्यांना पंच लागतात. अपघात होवो, गंजीला आग लागो, गोठ्यातून शेळी जावो, जागेवर काय दिसलं ते कागदावर लिहायचं आणि दोन माणसांनी 'हे आमच्या समक्ष झालं' म्हणून खाली सही करायची. त्याला पंचनामा म्हणतात. शहाणी माणसं पंच व्हायचं टाळतात, पुढे कोर्टाच्या तारखा कोण करणार? नवनाथ समोरच बसलेला, अक्षर चांगलं, आणि तोंडातून नकार निघत नाही. आठ वर्षांत त्याचं नावच 'पंच' पडलं.

आमच्या घरात याचं कोणाला वाईट वाटलं नाही. उलट. माझे सासरे सावळेराम जन्मभर अंगठा उठवत आले. ते सांगायचे, त्यांच्या लहानपणी चावडीवर आमच्या माणसाला बोलावणं यायचं ते निरोप घेऊन धावायला. दीक्षा घेतल्यावर त्यांनी ठरवलं की पोराच्या हातात लेखणी देईन. माझे यजमान तुळशीदास शिकले, एस.टी.त कंडक्टर झाले, त्यांची सही आली. आणि नातवाची सही तर कचेरी दारात येऊन मागते, हे बघून म्हातारा शेवटी शेवटी आल्यागेल्याला सांगायचा, "आमच्या नवनाथाच्या सहीबिगर तालुका हलत न्हाई."

त्या पंचनाम्याच्या भाषेचीच नवनाथने गंमत केली. आमच्या निरगुडसरला सकाळी दूध घालायला माणसं डेअरीच्या ओट्यावर किटल्या घेऊन थांबतात. तिथे हा पेपर उघडायचा आणि घसा साफ करायचा.

"आम्ही खाली सही करणारे पंच, विचारल्यावरून लिहून देतो की, काल रात्री नऊ वाजता टीव्हीवर 'सर्वात मोठी बातमी' अशी लाल पट्टी आढळून आली. सदर पट्टी उचलून पाहिली असता खाली बातमी : निरंक."

'निरंक' म्हणजे सरकारी भाषेत काही नाही. या शब्दावर ओटा हसायचा.

"सदर पुढारी पक्षावर नाराज असल्याचे समजले. नाराजी जागेवर मोजली, ती भरपूर भरली. बंगल्यावर जेवण झाल्यानंतर पुन्हा मोजली असता..."

"निरंक!" किटल्यांसकट सगळे.

सिनेमांचंही तेच. 'सत्य घटनेवर आधारित' असं लिहिलेला सिनेमा आला की नवनाथ हमखास बघायचा. "सत्य घटना, नग एक. आधारित, दोन तास बावीस मिनिटे. नायक पेठच्या घाटात पळताना दिसला तो पुढच्याच क्षणी नाणेघाटात मिळून आला. मधले अंतर त्याने कसे कापले याबाबत पंचांस सांगता येत नाही. अंगावर घाम : निरंक. नायिकेच्या डोक्यावर हंडा आढळला. हंड्यात पाणी..." पुढचा शब्द ओटा म्हणायचा.

मी चिडायचे. "अरे, कुणाला तरी लागेल."

"आई, खऱ्याला काही लागत नाही. खोट्यालाच लागतं."

हे तो मंगळवारपर्यंत म्हणत होता.

पाच वर्षांपूर्वी भाद्रपदात आमच्या गावात जानकूबाबांच्या विहिरीत बिबट्या पडला. जानकूबाबांचं शेत आमच्या शेताला लागून. विहीर काठोकाठ भरलेली. आत वर्तुळाकार एक टप्पा आहे, उन्हाळ्यात त्यावर उभं राहून आम्ही कपडे धुतो, पण तेव्हा तो पाण्याखाली होता. जनावराला पंजा टेकवायला जागा नव्हती. पोहून पोहून ते दमलं होतं. गर्दी झाली, मोबाईल निघाले. जानकूबाबा धावत गेले आणि त्यांनी मोटर चालू केली. त्या आठवड्यात नशिबाने दिवसाची लाईट होती. लोक ओरडले, "ओ बाबा, जनावर मरतंय आणि तुमी पाणी भरताय?" बाबा म्हणाले, "बंद करू नका रं कुणी. पाणी खाली जाऊ द्या, टप्पा उघडा पडंल."

तास-सव्वा तास मोटर चालली. पाणी दोन हात उतरलं, टप्पा दिसायला लागला आणि ते जनावर त्यावर चढून भिजलेल्या मांजरासारखं कापत बसलं. मग वनखात्याचे पिंजरेवाले आले, त्यांनी पिंजरा सोडला, बिबट्या वर आला. उपसलेलं सगळं पाणी बाबांच्या कांद्याच्या रोपात गेलं. रोप सडलं. दुसऱ्या दिवशी बाबा वाफ्यात हात घालून ते चिखलातून उपटत होते.

पण पुण्याहून नाशिककडे निघालेला एक बातमीदार गर्दी ऐकून आत वळला होता. त्याने जे डोळ्यांना दिसलं ते लिहिलं. 'बिबट्या बुडतोय, कांद्याला पाणी सुरूच!' त्याला विहीर माहीत नव्हती. पाणी उपसलं की टप्पा उघडा पडतो हे शेतात वाढलेल्याला सांगावं लागत नाही, आणि न वाढलेल्याला सुचत नाही.

त्या बातमीवरून सिनेमा निघाला. नाव लिहीत नाही, फुकटची जाहिरात नको. चित्रीकरण आमच्याच शिवारात झालं, गावातली चाळीस माणसं गर्दीत उभी आहेत. मंगळवारी आम्ही नारायणगावला बघायला गेलो, मी, यजमान आणि नवनाथ. पहिला अर्धा तास तो माझ्या कानात बोलत होता. "नोंद घे आई. विहिरीचं पाणी निळं आढळलं. आपल्याकडचं शेवाळ कुठे गेलं?" मी तोंडावर पदर धरून हसत होते.

मग जनार्दन नावाचा शेतकरी आला. मिशा, जाड मान, हातात अंगठ्या. आमचे जानकूबाबा जोराचा वारा सुटला तर धरून ठेवावे लागतील असे. हा जनार्दन विहिरीच्या कडेला बाज टाकून चहा पितो आणि म्हणतो, "मरू दे त्याला! माझा कांदा जगला पाहिजे!" नायक त्याला ढकलून मोटर बंद करतो. नवनाथचं कानातलं बोलणं थांबलं.

शेवटी पडदा काळा झाला. अक्षरं आली, 'सत्य घटनेवर आधारित. हे पाहा मूळ कागद.' आधी ते पेपरचं कात्रण. मग पंचनामा. 'विहिरीवरील मोटर चालू अवस्थेत आढळून आली. शेजारील कांद्याच्या वाफ्यात पाणी सुरू असल्याचे दिसून आले.' आणि कॅमेरा हळूहळू खाली सरकत 'समक्ष पंच क्रमांक १' वर थांबला. नवनाथ तुळशीदास, खाली लांब रेघ. पडद्याएवढी सही.

मागून शिट्टी आली. "आपला पंच! पंच आपला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. यजमानांनीही दोन वाजवल्या, मग माझ्याकडे बघून हात खाली घेतले.

त्या दिवशी नवनाथ विहिरीवर नव्हता. तो घोडेगावला टपरीत होता. कागद संध्याकाळी तिथे आला. 'समक्ष' लिहिलेला, तयार. त्याने चहाचा ग्लास डाव्या हातात घेतला, उजव्या हाताने सही केली, वर विचारलंही, "बिबट्याची सही घेतली का साहेब?" हे त्यानेच तेव्हा घरी येऊन सांगितलं होतं आणि आम्ही हसलो होतो. दुसरे पंच चांगदेव. ते विहिरीवर होते, पण दोन वर्षांपूर्वी वारले.

बुधवारी सकाळी तो डेअरीवर गेला. लोक म्हणाले, "राव, आज सिनेमाचा पंचनामा होऊन जाऊ द्या!" त्याने दूध घातलं आणि परत आला.

त्याच दिवशी श्रेया नावाच्या मुलीचा फोन आला. सिनेमावाल्यांकडची, बोलायला फार गोड. नवनाथने उचलला नाही म्हणून माझ्या नंबरवर आली.

"काकू, सर आमचे रिअल पंच आहेत! लोक म्हणतात सिनेमावाले खोटं दाखवतात. सरांनी स्टेजवर येऊन फक्त एवढंच म्हणायचं, 'हो, हे सगळं असंच घडलं.' दोन मिनिटं. चॅनेलवाले पण येणार आहेत."

"आणि त्या शेतकऱ्याला बोलावलंय का?"

"त्यांना कशाला काकू? ते निगेटिव्ह आहेत ना."

गुरुवारी संध्याकाळी निगेटिव्ह आमच्या दारात आले. जानकूबाबा. सिनेमा लागल्यापासून या आठ दिवसांत पोरं त्यांना बघून 'ए मोटर!' म्हणून हाका मारतात. रस्त्यावर कोणी दिसलं की बाबा धावत जाऊन स्टार्टर पाडतात, मोटर बंद करतात. यंदाचा कांदा पिवळा पडायला लागलाय.

"आत या बाबा," मी म्हटलं.

"बसत न्हाई. नवनाथ, एक इचारायचं व्हतं."

"बोला ना."

"त्या दिशी तू हिरीवर व्हतास का रं?"

नवनाथने माझ्याकडे बघितलं. मी मेथी निवडत होते, खाली बघून निवडत राहिले.

"न्हाई, पडद्यावर तुजी सही दावली म्हणत्यात. माज्या तर तू ध्यानात न्हाईस. वय झालं. मंग म्या आणखी काय काय इसरलो असंन? मी खरंच म्हणलो का रं, मरू दे त्याला?"

"नाही बाबा. तुम्ही तसं नाही म्हणालात."

"तू ऐकलंस?"

'हो' म्हटलं तर ते खोटं होतं, आणि 'नाही' म्हटलं तर त्याच्या आधीच्या वाक्याला काही अर्थ उरत नव्हता. बाबांनी क्षणभर वाट बघितली. "बरं, येतू," म्हणाले आणि गेले.

त्या माणसाने स्वतःच्या हातांनी जनावर वाचवलं आणि आता त्यालाच शंका येते आहे. गावाला तर शंकाही उरलेली नाही. जे पाच वर्षांपूर्वी विहिरीवर होते तेच आता सिनेमातलं सांगतात, कारण सिनेमात ते जास्त स्पष्ट दिसतं. काल डेअरीवर एकाने मलाच अडवलं.

"अंजनाताई, मोटर चालू व्हती का न्हाई?"

"होती, पण..."

"झालं तर मग!"

खरं होतं ते 'पण'च्या पुढे होतं. तेवढं थांबायला कोणाकडे वेळ नाही.

बाबा गेल्यावर नवनाथने जेवणाचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "आई, त्या पंचनाम्यात एकही वाक्य खोटं नाही. मोटर चालू होती. वाफ्यात पाणी होतं. एकच शब्द खोटा आहे. समक्ष. आणि तो माझा आहे."

यजमान म्हणाले, "सही मागं घेता येते का?"

"येते. मग बाकीच्याही निघतील."

हे त्याला घोडेगावच्या एका ओळखीच्या वकिलाने सांगितलं होतं. एका कागदावर 'मी तिथे नव्हतो' म्हणालास की तुझी सही असलेला प्रत्येक कागद समोरचा वकील उघडायला लावील. सव्वाशेच्या वर कागद. त्यातले किती टपरीत सही केलेले, हे नवनाथलाच ठाऊक. एखादा अपघाताचा असेल, ज्यावर एखाद्या बाईचा निकाल अडकलेला असेल. खोटी साक्ष म्हणून याच्यावरच केस होईल. टपरी जाईल. आणि सासऱ्यांनी ज्या सहीचं कौतुक केलं ती गावात थट्टेची होईल.

म्हणून काल मी त्याला म्हटलं, "शाल घे आणि ये. दोन मिनिटांचं काम."

"आणि पाच शब्द?"

"म्हणून टाक. सिनेमा आहे, महिन्याभरात लोक विसरतील."

"जानकूबाबा?"

मी भांडी आवरायला लागले. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला मला आणखी काही विचारायचं होतं, ते त्याने विचारलं नाही. आज सकाळी पिशवी भरतानाही विचारलं नाही. संध्याकाळपासून मी तेच घेऊन बसले आहे, आणि आता ते लिहिल्याशिवाय हा कागद पुरा होत नाही.

त्या दिवशी विहिरीवर मी होते.

वर जे सगळं सांगितलं, ते मी कोणाकडून ऐकलेलं नाही. टप्पा उघडा पडला तेव्हा सगळ्यात आधी मी ओरडले होते, "दिसला, दिसला!" बाबांचं वाक्य मी तीन हातांवरून ऐकलं. बातमीदाराने मलाही विचारलं होतं, "ताई, तुम्ही काय पाहिलंत?" गर्दीतले पुरुष माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "आम्हाला काय माहीत." मंचरच्या कॉलेजातून बी.ए. केलेली बाई मी. आमच्या वस्तीतली पहिली. 'आम्हाला काय माहीत.'

आणि पिंजरा गेल्यावर कागद घेऊन एक साहेब आमच्या बांधावर आले. म्हणाले, "काकू, पंच पाहिजे होता. घरात कोणी पुरुष माणूस आहे का?"

मी सही करू शकले असते. मी सगळं बघितलं होतं. मी म्हणू शकले असते, साहेब, लिहा की मोटर कशासाठी चालू होती. मी हात पदराला पुसत म्हटलं, "नवनाथ घोडेगावला टपरीवर असेल. जाताजाता घ्या त्याची सही, तो कोणाला नाही म्हणत नाही."

वर अभिमानाने म्हटलं होतं.

म्हणजे तो 'समक्ष' शब्द माझ्या मुलाच्या हातात मीच दिला. हे नवनाथला माहीत आहे. साहेबांनी त्याला सांगितलंच असणार, तुझ्या आईने पाठवलंय. पाच वर्षांत त्याने हे एकदाही काढलं नाही, या चार दिवसांतही नाही. दुसऱ्यांच्या बातम्यांची, सिनेमांची चिरफाड करणारा हा मुलगा आईच्या बाबतीत एवढा सांभाळून राहिला, आणि मी त्याला सांगितलं, म्हणून टाक.

उद्या तो काय करील? मला वाटतं तो स्टेजवर जाईल आणि म्हणेल, 'मी तिथे नव्हतो.' तो तेवढंच म्हणू शकतो. पुढे काय घडलं हे सांगायचा त्याला हक्क नाही. लोक म्हणतील, पंच फिरला, कोणीतरी पैसे चारले. केस व्हायची ती होईल, आणि जानकूबाबा तिथेच राहतील, बाजेवर चहा पीत. त्याच्या वाक्याच्या पुढचं वाक्य माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाकडे नाही. चांगदेव गेले. गर्दीतले सिनेमात गेले.

मला हॉलमध्ये उभं राहून बोलावं लागेल. चॅनेलवाले असतील. गावातली चाळीस माणसं असतील. कोणीतरी म्हणेलच, आई पोराला वाचवायला आली. आणि बाकीच्या सव्वाशे कागदांचं काय, हे मला अजूनही सुचलेलं नाही. त्यातले किती उघडतील, माहीत नाही. ते तसंच राहणार आहे. पण विहिरीचा टप्पा किती हातांवर आहे हे मला माहीत आहे. त्यावर मी बावीस वर्षं कपडे धुतले आहेत.

यजमानांना उठवलं नाही. ते म्हणतील सकाळी बघू. सकाळी तो टपरीतून निघालेला असेल, मोटारसायकलवर फोन उचलत नाही. जानकूबाबांनाही सोबत घ्यायला हवं. पहाटेच्या पहिल्या गाडीआधी त्यांच्या दारात जाईन.

त्याआधी हा फोन. पावणेदोन वाजलेत, पण तो जागा असेल. एवढ्या उशिरा आईचं नाव दिसलं की घाबरून विचारील, 'आई, काय झालं? घरी सगळे बरे आहेत ना?' त्याने ते विचारायच्या आत मला म्हणायचं आहे : नवनाथ, मी होते तिथे, उद्या तुझ्यानंतर माईक माझ्याकडे दे.

लावते.